बायजाचा लाल चित्रक

ठाकुर्लीवरून आगगाडी धावायला लागून वीसेक वर्षं झाली होती, पण गावाचं लक्ष गाडीपेक्षा बायजाच्या परसावर जास्त. मिठागरात राबणारी ही विधवा झाडपाल्याचं औषध द्यायची. परसात तिने चित्रकाची दोन झुडपं लावली होती, एक पांढऱ्या फुलाचं आणि एक लाल. पानं सारखी, मुळं सारखी, चिकट कळ्यासुद्धा सारख्याच. फूल उमलल्याशिवाय ओळखायची सोय नाही. पांढरा पोटाच्या तक्रारींवर चालतो. लालाने पोटातलं मूल जातं, असं बायका कुजबुजत. मग तो हिला हवा कशाला? मी तिथे असतो तर मलाही शंका आलीच असती, खोटं कशाला बोलू!

पावसाळ्यात गुणाजीच्या म्हाताऱ्या आईने, रंगूबाईने, अजीर्णावर बायजाकडून मूळ आणलं. त्याच आठवड्यात गुणाजीच्या बायकोचा, शकूचा, गर्भ पडला. झालं! बायजाने लाल मूळ दिलं आणि ते सुनेच्या पोटात गेलं, अशी बोंब उठली. बायजा शपथा घेऊन दमली. शेवटी काळुराम पाटलाने तोडगा काढला. रंगूबाईकडे उरलेलं मूळ गावदेवीपुढे लावायचं, आणि लाल फुललं तर बायजाने गाव सोडायचं.

राखणीला रोज दोन माणसं बसत, तीही एकमेकांशी वाकडं असलेली, म्हणजे संगनमताने कुणी मूळ बदलायला नको. पाणी घालणाऱ्याच्या तांब्यातही लोक डोकावून बघत.

थंडीत कळी उमलली. पांढरी.

बायजाला रडू फुटलं. पण काळुरामचं समाधान होतंय कुठलं!

"मंग तो लाल कशाला ठेवलास गो?"

बायजाच्या शेजारी तिची लेक लक्ष्मी उभी होती, डोंबिवलीत लग्न ठरलेली. तिने घाईघाईने पदर मानेवर ओढला. मागे उभ्या शकूला मानेखालचा पांढरा डाग तेवढ्यात दिसला. कोडावर लाल चित्रकाचा लेप लावतात, हे तिला ठाऊक होतं. डागाचा बोभाटा झाला तर पोरीचं लग्न मोडणार, हेही.

"सांग की!" काळुराम ओरडला.

शकू पुढे आली. "माज्या आयशीचं गुडघं दुखतान. लेपाला मीच मागतंय तिच्याकडं."

काळुराम तिच्याकडे बघतच राहिला. शकूची आई कधीच वारली होती, आणि तिला खांदा त्यानेही दिला होता.

"बरं," तो म्हणाला आणि घराकडे वळला.