बैठकीतलं भांड्यांचं यंत्र

आमच्या साहेबांनी पश्चिम जर्मनीहून भांडी धुण्याचं यंत्र आणलं, तेव्हा परभणीत भांडी धुतली जात नाहीत अशी कुणाची तक्रार माझ्या तरी कानावर नव्हती. साहेब कालव्याच्या कार्यालयात कार्यकारी अभियंता होते आणि मी त्यांच्या हाताखाली ओव्हरसियर. सरकारने त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिकडे धाडलं होतं. ते पाण्याचं नियोजन शिकून आले अशी कार्यालयात नोंद होती. घरी पुरावा म्हणून हे यंत्र होतं.

यंत्र पांढरं, कमरेइतकं उंच, पुढच्या बाजूने खाली उघडणारं दार असलेलं. ते बोटीने मुंबईला आणि तिथून ट्रकने आलं. साहेबांनी ते बैठकीत ठेवलं. स्वयंपाकघरात ठेवलं असतं तर पाहायला येणाऱ्याला स्वयंपाकघरात न्यावं लागलं असतं, आणि तिथे कुणाला न्यायचं व कुणाला नाही याचे त्या घरातले नियम यंत्राच्या फार आधीचे होते. ज्या लाकडी खोक्यातून ते आलं त्या खोक्याचा खालचा भाग तसाच ठेवून त्यावर ते उभं केलं होतं, कारण पुढच्या फळीवर काळ्या शाईत परदेशी अक्षरं छापलेली होती. वर बाईसाहेबांनी विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. यंत्र चालू करण्यापूर्वी गुलाब खाली उतरवावे लागत. नाही उतरवले तर ते आपले आपण उतरत.

कारण यंत्र वाजायचं. साधंसुधं नाही. गच्चीवर कुणी रिकामं पिंप लोळवत न्यावं तसा घों-घों आवाज सबंध वसाहतीत जाई आणि चार घरं सोडून राहणाऱ्या आम्हालाही कळे की साहेबांकडे पाहुणे आले. पाहुण्यांना आवाजाचं काही वाटत नसे. परदेशी वस्तू म्हटल्यावर तिचा आवाज मोठा असणारच, अशी त्यांची समजूत होती. पंचाईत वासाची होती. दार उघडलं की आतून असा वास येई की बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून खिडकीकडे बघायला लागे. एका वकिलांनी त्याला 'तिकडच्या साबणाचा वास' म्हटलं आणि साहेबांनी तो खुलासा काही महिने वापरला.

जानेवारीत माझ्या बदलीचा आदेश आला. राणीसावरगावच्या बाजूला तलावाचं काम निघालं होतं, तिथल्या छावणीवर. एरवी मी गेलो असतो. पण बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका होती, तात्पुरती, आणि जूनमध्ये तिला कायम करण्याचा आदेश निघणार होता. आमच्या दोन्ही घरांत मिळून पगारी नोकरी करणारी ती पहिली बाई. आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी केली होती, तिला सुनेच्या शाळेची घंटा ऐकायलासुद्धा आवडायचं. मुलगी आठ महिन्यांची, आणि आईला आता नीट दिसत नसल्याने तिच्या एकटीवर सोडता येत नव्हती. बायको साडेसहाला शाळेत जाई, साडेदहापर्यंत मुलगी माझ्याकडे असे, पुढचा तास शेजारीण सांभाळी. मी छावणीवर गेलो की बायकोची नोकरी जूनपर्यंत टिकण्याचं काही कारण उरत नव्हतं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "गेल्या वर्षी कार्यालयाचा बंद पडलेला डिझेल पंप तुम्हीच सुरू केला होता ना?"

"हो साहेब."

"मग आमच्या यंत्राचं बघा. आवाज आणि वास. ते ठीक होईपर्यंत तुम्हाला कार्यमुक्त करत नाही."

पहिल्या रविवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. सोबतचं माहितीपुस्तक जर्मनमध्ये होतं. चित्रांवरून एवढं कळलं की त्या देशात यंत्रापुढे उभी असलेली बाई नेहमी हसत असते. मी यंत्राखाली आडवा झालो. तेवढ्यात मागच्या दारातून मावशी आल्या. मावशी म्हणजे त्या बंगल्यात बारा वर्षं भांडी घासणारी बाई. पदर खोचलेला, कोपरापर्यंत राख.

"काय शोधायलाव भाऊ?"

"वास कुठून येतो ते."

"त्यात शोधायचं काय? नळी बघा की."

मी नळी बघितली. घाण पाणी बाहेर टाकायची नळी खिडकीपर्यंत वर चढवून बागेत सोडलेली होती, कारण बैठकीला मोरी नव्हती. यंत्र थांबलं की चढलेलं पाणी परत खाली येऊन आत साचे आणि पुढचा पाहुणा येईपर्यंत पंधरा दिवस तिथेच राही.

"पाणी सडायलंय आत," मावशी म्हणाल्या. "रोजच्या रोज चाललं तर सडंल का? आन् वाजायलंय ते मशीन न्हाई, खालचं खोकं हाय. पोकळ हाय ना. ढोलावर ठिवल्यावानी ठिवलंय."

"मग करायचं काय?"

"खोक्यावरून उतरवा, न्हाणीत न्या. भांडे घासायची जागा न्हाणीत असती. बैठकीत कोन भांडे घासतं?"

आणि मग त्यांनी जाता जाता यंत्राची पूर्ण दिनचर्या सांगितली. त्यात बारा परदेशी प्लेटा जात, ज्यांत आजवर कुणी जेवलेलं नव्हतं. पाहुणे यायच्या आधी मावशी त्या राखेने घासत, कारण एवढ्या महागाच्या यंत्राला खरकटं दाखवणं बाईसाहेबांना बरं वाटत नसे. मग यंत्र त्या धूत असे. मग वासामुळे मावशी त्या पुन्हा धूत. घरातली खरी भांडी मागे न्हाणीत असत. यंत्राची आणि त्यांची कधी ओळखही झाली नव्हती.

म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की यंत्र आज बरं झालं तर सोमवारी मी कार्यमुक्त होतो.

साहेबांनी विचारलं, "काही निदान?"

"गुंतागुंतीचं आहे साहेब," मी म्हणालो. "टप्प्याटप्प्याने करावं लागेल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि मागे गेल्या.

घरी बायकोनं विचारलं, "झालं का बरं?"

"नाही."

"छान. जूनपर्यंत होऊ देऊ नका."

यानंतर दर रविवारी मी यंत्रावर उपचार करत असे. साचलेलं पाणी थोडं काढायचो, सगळं नाही. खोक्याखाली जीपच्या जुन्या टायरचे तुकडे सरकवले, त्याने आवाज जरा घोगरा झाला आणि साहेबांना प्रगती वाटली. आत लिंबाचा पाला ठेवून पाहिला. कोपऱ्यात ऊद जाळला, तेव्हा एक पाहुणे दारातच चप्पल काढून हात जोडून उभे राहिले. मी एका रबरी झडपेचं नाव चित्रावरून काढलं आणि ती मागवण्यासाठी पत्र टाकावं लागेल असं सुचवलं. साहेबांनी पत्र टाकलं. मला अपराधी वाटायला हवं होतं. पण आमचं खातं कालव्याचं. तिथे काम चालू असणं हीच कामाची स्वाभाविक अवस्था. पूर्ण झालेलं काम दाखवायला कुणी नेलं तर आम्हीच जरा बिचकलो असतो.

काम झालं की बाईसाहेब चहा देत, मागच्या दारी. तिथे न्हाणीच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कप. पांढरा, कडेला निळी रेघ. सहा कपांच्या सेटमधला. पाच कप स्वयंपाकघरातल्या फळीवर असत आणि सहावा इथे, माझ्यासाठी, पावसापाण्यात. याबद्दल त्या घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. बाईसाहेब बोलायला मायाळू होत्या, मुलीची चौकशी करत, चहात आलं सढळ हाताने घालत. चहा झाल्यावर मी कप विसळून कोनाड्यात ठेवी. आमच्यासाठी वेगळी भांडी ठेवण्याची पद्धत कुठल्या गावात कशी आहे हे मला लहानपणापासून पाठ होतं. सेटमधला कप मात्र पहिल्यांदाच मिळत होता.

मे महिन्यात औरंगाबादहून मोठे साहेब दौऱ्यावर येणार असं कळलं. सोबत त्यांच्या पत्नी. दुपारचं जेवण साहेबांकडे.

"शनिवारपर्यंत यंत्र ठीक पाहिजे," साहेब म्हणाले.

"झडप अजून आली नाही साहेब."

"शनिवारपर्यंत."

बायकोचा आदेश निघायला अजून चार आठवडे होते. त्या आठवड्यात मी यंत्राचं दार रोज उघडून बंद केलं. बरं करावं तर बायकोची नोकरी जाणार. तसंच ठेवावं तर साहेबांची पाहुण्यांसमोर शोभा, आणि मग मी शनिवारीच संध्याकाळी कार्यमुक्त. शेवटी जे आमच्या खात्यात नेहमी होतं तेच मी केलं. काहीच केलं नाही.

शनिवारी बाहेर पत्रे तापून करकरत होते. जेवणं झाली. मला इस्त्रीचा सदरा घालून यंत्राशेजारी उभं केलं होतं. साहेबांनी बटण दाबलं. यंत्राने घों सुरू केलं. मोठ्या साहेबांच्या पत्नींनी कानाकडे हात नेला आणि मग नाकाकडे, आणि दोहोंपैकी कशाला प्राधान्य द्यावं हे त्यांना ठरवता येईना. यंत्र थांबल्यावर मोठे साहेब वाकून म्हणाले, "आत काय आहे?"

"प्लेटा आहेत," बाईसाहेब म्हणाल्या. "बारा."

"खरकट्या?"

"छे. अगदी स्वच्छ."

"मग धुता कशाला?"

मागच्या दारातून मावशींचा आवाज आला.

"त्येच मी कवाधरनं म्हणायलेय साहेब. न्हाणीत न्या, खोक्यावरून उतरवा, रोज चालवा. वास न्हाई की आवाज न्हाई. ह्या भाऊला बी सांगितलं व्हतं."

आमचे साहेब माझ्याकडे वळले. "ओव्हरसियर, हे बरोबर आहे का?"

"तपासून पाहावं लागेल साहेब," मी म्हणालो. नोकरीत मी पुष्कळ वाक्यं बोललो, पण एवढं सरकारी वाक्य पुन्हा जमलं नाही.

"आत्ता तपासा," मोठे साहेब म्हणाले.

चार शिपायांनी यंत्र उचलून न्हाणीत नेलं. मी नळी मोरीत सोडली, साचलेलं पाणी काढलं, चाळणीतली राख धुतली. मावशींनी जेवणाची खरकटी ताटं, वाट्या, भाताची उलथणी, हाताला लागेल ते आत रचलं. मी बटण दाबलं. सगळे कान देऊन उभे राहिले. आतून पाणी फिरल्याचा बारीक आवाज येत होता, माठ झिरपावा इतका. मोठे साहेब पाच मिनिटं उभ्या उभ्या तो आवाज ऐकत राहिले आणि समाधानाने मान हलवत होते. दौऱ्यात पाहिलेलं सुरळीत चालणारं काम बहुधा तेवढंच असावं. मला त्या आवाजात माझा कार्यमुक्तीचा आदेश टाइप होताना ऐकू येत होता.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. समोर माझी फाइल.

"मावशीला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो साहेब."

"आणि तुम्हाला?"

"मलाही. मावशींनीच सांगितलं."

"मग चार महिने काय करत होता?"

मी बायकोच्या आदेशाचं सांगितलं. मुलीचं सांगितलं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं साहेब. जानेवारीत. इथेच."

साहेबांनी फाइलची पानं उलटली, जणू मी बोललेलं तिथे सापडेल. मग चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. ऐकलेलं लक्षात राहण्यासाठी त्यांना ते लेखी लागे, एवढंच. त्यांनी शेरा लिहिला: जूनअखेर कार्यमुक्त करावे.

बायकोचा आदेश जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडला. तो तिने आधी आईला वाचून दाखवला, मग मला, मग मुलीला. मुलीचा प्रश्नही सुटला, आणि तो यंत्रानेच सोडवला. रोजची भांडी यंत्रात जायला लागल्यापासून मावशींची सकाळ मोकळी झाली होती. त्या आमच्याकडे येऊ लागल्या. "मशीनला पोरं सांभाळता येत न्हाईत अजून," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला सांगून ठेवलं.

निघायच्या आधीच्या रविवारी मी यंत्राची चाळणी साफ करायला गेलो. आता ती खरोखरच साफ केली. बाईसाहेब चहासाठी मागे आल्या, त्यांनी कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा.

"इथला कप कुठंय?"

"मशीनमधी टाकला व्हता," मावशी म्हणाल्या. "सगळ्यासंगं. फळीवर हाय."

बाईसाहेब स्वयंपाकघरात गेल्या. दारातून मला फळी दिसत होती. निळ्या रेघेचे सहा कप, एकसारखे चकचकीत. त्या फळीसमोर उभ्या राहिल्या, एक कप उचलून उलटा केला, ठेवला, दुसरा उचलला. मग पदराने कपाळ पुसलं आणि चहा ओतला.

यंत्र बघायला साहेबही मागे आले होते. ट्रेमध्ये तीन कप होते. एक साहेबांचा, एक बाईसाहेबांचा, एक माझा. कोणता कुणाचा, हे सांगणारं त्या घरात कुणीच उरलं नव्हतं. मी जवळचा उचलला. साहेबांनी त्यांचा उचलला, घोट घेतला आणि नेहमीच्या सवयीने नाक वर करून विचारलं, "आता वास येतो का हो कसला?"

"नाही साहेब," मी म्हणालो, आणि चहा संपवून कप ट्रेमध्येच ठेवला.