डाव्या हाताची कातर

सालेकशाच्या रेल्वे लाइनीजवळ एका शेठनं मेंढ्या कातरायची छपरी टाकली, तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचे हे तिथं लोकर तोलायला होते. कातरायला बायाच ठेवायच्या असं शेठनं ठरवलं, कारण बाईचा हात हलका आणि मेंढी तिला बिचकत नाही. बायांवर देखरेखीला बाईच हवी होती. मी चौथी शिकलेली, म्हणून यांनी माझं नाव पुढं केलं. मला घरी आल्यावर सांगितलं.

मी तोवर मेंढीला हातही लावला नव्हता. एका म्हाताऱ्या धनगरानं आठ दिवस शिकवलं. तो माझ्याकडं न बघता मेंढीकडं बघून बोलायचा, म्हणून मला शिकता आलं. मेंढी आदल्या दिवशी नदीवर धुवायची, वाळू द्यायची. मग तिला ढुंगणावर बसवून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, की ती धडपड सोडते. पोटापासून सुरुवात. डाव्या हातानं कातडी ताणायची, उजव्यानं कातर चालवायची. एवढं शिकून मी आठ बायांना शिकवायला उभी राहिले. आवाज निघत नव्हता. बाया म्हणाल्या, मास्तरीणबाई मेंढीच्या कानात सांगते, आम्हाला काही ऐकू येत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग बोलण्याऐवजी करूनच दाखवू लागले.

त्या आठांत एक देवरीची होती. सगळ्या तिला देवरीवालीच म्हणत. नवऱ्याच्या मारातून निघून आली होती, आणि भावानं दारातूनच परत फिरवलं होतं. छपरीमागं बायांसाठी मातीच्या खोल्या होत्या. काम तोवर खोली. तिच्या खोलीला आतून कडी होती. पहिल्या दिवशी तिनं ती कडी चार-पाचदा लावून बघितली, हे मी पाहिलं. मला म्हणाली, "बाई, किती वरसानं मी कडी लावून झोपली."

ती डावखुरी होती. मेंढ्या तिच्याजवळ जशा शांत राहत तशा कोणाजवळच राहत नसत, माझ्याजवळ तर नाहीच. पण कातरी सगळ्या उजव्या हाताच्या. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, आणि लोकर कापली न जाता मधेच दुमडते. तिला अंगठ्यानं पातं दाबून कापावं लागे. तिच्या मेंढीच्या अंगावर धानाच्या बांधीच्या धुऱ्यांसारख्या पायऱ्या पडत. पण तिच्या हातून एकाही मेंढीला रक्त निघालं नाही. मी तिला लोकरीच्या गोण्यांआड, शेवटच्या कोपऱ्यात बसवलं, म्हणजे कोणाला दिसू नये. दुसरं काही मला सुचलं नाही.

सुचलं नाही, हे खरं नाही. बाजाराच्या वाटेवर लोहाराचा भाता होता. कातरींना धार तोच लावायचा. उलट्या बाजूची कातर होते का, हे त्याला विचारावं असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. पण भात्याजवळ चार पुरुष बिड्या ओढत बसलेले असत. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिथून जायची. यांना सांगावं, तर हे म्हणाले असते, शेठ बघून घेईल. दर बाजाराला मनात वाक्य जुळवायची आणि तसंच घरी आणायची.

फाल्गुनात शेठ न सांगता आला. गोण्यांआड गेला, पायऱ्या पाहिल्या आणि हसला. मग मला म्हणाला, पंधरा दिवसांत हिला सीधे हाथ से शिकवा, मी स्वतः बघीन, नाही तर खोली रिकामी करून दुसरी बाई आणा. मी मान हलवली. मेंढीला एकदाही लागलेलं नाही, एवढं तरी मला सांगता आलं असतं.

त्या संध्याकाळी देवरीवाली जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन माझ्याकडं आली.

"हा बांधून टाका," म्हणाली आणि डावा हात पुढं केला.

"काऊन व?"

"मोकळा राहिला तर हाच पुढं जाते. मी का करू?"

मी तो कमरेला बांधला. कातडी ताणायची वेळ आली की मी माझा हात द्यायची. उजव्या हातानं ती लहान पोरीसारखी कापायची. मेंढ्यांना जखमा होऊ लागल्या. मी हळद लावायची. ती मेंढीला म्हणायची, थांब माय, शिकून राहिली ना मी. दहाव्या दिवसापासून हात जरा बसला. मला वाटलं, होईल.

शेठ आला त्या दिवशी चिंधी सैल बांधली, हात नुसता ताणण्यापुरता हलेल अशी. पोट नीट झालं, एक कूसही नीट झाली. शेठ मान हलवत होता. मग बाहेरून मालगाडीची शिटी झाली आणि मेंढी उसळली. मागचा पाय उघड्या पात्यांवर यायला आणि देवरीवालीनं चिंधी तोडायला एकच वेळ. डाव्या हातानं तिनं पाय वरच्यावर धरला, कातर त्याच हातात घेतली, मेंढीला गुडघ्यांनी दाबलं आणि राहिलेली कूस झरझर कापून टाकली. डाव्याच हातानं. तिच्या लक्षातही आलं नाही. मेंढी उठून चालू लागली तेव्हा तिनं आपल्या हाताकडं पाहिलं.

"हाथ तो वही निकला," शेठ म्हणाला, आणि माझ्याकडं बघून थांबला.

तो माझ्या उत्तरासाठीच थांबला होता, असं मला आजही वाटतं. त्या हातानं मेंढीचा पाय वाचवला, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडात पदर होता. देवरीवालीही माझ्याकडं बघत होती. मग शेठ बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ती बोचकं घेऊन निघाली. कुठं जाते विचारलं तर म्हणाली, पाहू. जाताना खोलीची बाहेरची कडी लावली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही लय शिकवलं, बाई."

त्या बाजाराला मी लोहाराकडं गेले. बिड्या ओढणारे तिथंच बसलेले होते. मी विचारलं. त्यानं कातर हातात घेऊन फिरवून पाहिली.

"उलटीच ना? पाती दुसऱ्या अंगानं घडवली की झालं. एका दुपारचं काम हाय. आधी काऊन नाही सांगितलं?"

मी करून घेतली. देवरीकडच्या मोटारीनं कोणी जाणारं दिसलं की मी तिची चौकशी करायला सांगायची. भावाकडं ती गेलीच नव्हती. कातर माझ्या पेटीत राहिली. तिच्या खोलीत महिन्याभरानं दुसरी बाई आली. तिला मी डाव्यानं ताणायला, उजव्यानं कापायला शिकवलं. ती लवकर शिकली.