खोलीच्या मापाचं लिनोलियम

आमची आत्या लेडीज टेलर. बोलताना तिच्या ओठांत टाचण्या असतातच, त्यामुळे तिचे प, ब, म आतल्या आत मरतात. तिच्या दुकानाचा गाळा मालकानं परत घेतला, तेव्हापासून मशीन आमच्या पॅसेजमध्ये आहे आणि गिऱ्हाइकं बाथरूमच्या दाराशी हात पसरून माप देतात. निम्मी तर यायचीच बंद झाली. आत्याला हवी होती पुढची खोली. ती बाबांची. म्हणजे बाबा तिथे तोंडावर पेपर घेऊन घोरतात.

बाबा वजनकाटे तपासणारे इन्स्पेक्टर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी घरात पंचनामा होतो. घसा साफ करून म्हणाले, “खोली देतो. पण तिथली फरशी उखडलीय. त्यावर लिनोलियम तू घालायचंस. आणि एक जरी कात्री वाकडी गेलेली दिसली, तर विषय संपला!”

“दादा, तुझ्या लग्नाचा कोट मीच बेतला होता. त्या पोटावर कात्री सरळ गेली, ही तर नुसती जमीन आहे.”

गळ्यातली टेप काढून ती कामाला लागली. “छाती झाली... कंबर घे... इथे काखेत जरा घट्ट आहे.” काख म्हणजे कपाटामागचा कोपरा. खांबाभोवती तर तिनं चक्क चौकोनी गळा कापला. आणि खरं सांगते, लिनोलियम बसलं झकास! एक सुरकुती नाही.

फक्त दारापाशी सवय नडली. पुढेमागे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून शिवणीत जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. आत्यानं लिनोलियमलाही वीतभर माया ठेवली आणि खाली दुमडून टाकली.

“अहो, खोली काय जाड होणार आहे का?” आईनं विचारलं.

“तुम्ही सगळे झालात की, वहिनी.”

मग बाबा तपासणीला आले. हात मागे, मान पुढे, दाणे शोधणाऱ्या कोंबड्यासारखे. कुठेच काही सापडेना. निदान दारामागे तरी सापडेल म्हणून त्यांनी दार आतून धाडकन लावलं. दार त्या दुमडीवर चढलं आणि रुतून बसलं. आतून ओढा नाहीतर बाहेरून ढकला, लिनोलियमचा फुगवटा तेवढा वाढायचा.

“बाहेर कुणी आहे का?” बाबांचा सरकारी आवाज.

“सगळे आहोत,” आई म्हणाली. “तुम्हीच तेवढे आत.”

आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणजे प्रकरण गंभीर. “दादा, दुमड कापावी लागेल. तुलाच.”

मी बाहेरून जाऊन खिडकीच्या गजांतून कात्री दिली, आणि परत येऊन दाराला कान लावला.

“सरळ काप. सरळ! आवाज वाकडा येतोय.”

“मला शिकवू नकोस!” खर्रर्र. “अरेरे.”

“काय झालं?”

“काही नाही.”

दार उघडलं. बाबा घामाघूम. उंबऱ्याशी लिनोलियमची कड बकरीनं चरल्यासारखी. आत्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मग दादा, सापडली का वाकडी कात्री?”

बाबांनी खाली पाहिलं, आईकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच आईनं माझ्या पायावर पाय दिला.

“नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे, तशी... नाही.”

“मग मशीनचं ते टोक धर.”

“अगं, माझी कंबर—”

“ती किती आहे ते मला माहितीये. धर.”