खिडकीबाहेरची सुईण

"जोर लाव वं माय, जोर लाव!" नवागामच्या प्रसूतिगृहाच्या खिडकीबाहेर उभी राहून सुईणबाई ओरडत होती. आत माझी वहिनी कळा देत होती. सुईणबाईचा आवाज असा, की कामरेजच्या हायवेवर ट्रक थांबावेत. शेजारी कण्हणाऱ्या माझ्या भावालाही तिने झापलं, "तू काब्र रडस? तुले कळा येतीस का?"

आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. उरलेली निम्मी तिचा आवाज ऐकून घाबरून आपली आपणच बाहेर आली. तरी वर्षानुवर्षं ती हंगामीच. जणू बायका आंब्यासारख्या मोसमात बाळंत होतात! नोकरी पक्की होऊ नये म्हणून मधूनच तिला एक दिवस कामावरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. आज तोच दिवस, म्हणून तिला आत यायची बंदी. आतली एकटी नवशिकी नर्स खिडकीतून तिचे हुकूम झेलत होती.

मुलगी झाली, खणखणीत रडली. मी तडक जाऊन कारकुनाच्या टेबलावर मूठ आपटली. "अशा बाईला बाहेर उभं करता? लाज नाही वाटत?"

त्याने चहाचा घोट घेतला.

"आज त्या नोकरीत नाहीत. उद्या सकाळी घेऊ."