खिळ्यावरची किल्ली

शांतवनभाऊ गेल्याचं मला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर कळलं. "बेकरी बंद हाय आज, म्हातारबा गेले पहाटं," असं म्हणून भाजीवाली लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी पिशवी हातात धरून तिथंच उभी. वय झालं होतं, नव्वदीला टेकले होते, कुणाला सेवा करायला न लावता गेले, सगळं खरं. पण मला आधी वाटली ती भीती. दुःख नंतर आलं. पन्नास वर्षं जे बोलायचं राहिलं, ते ऐकून घेणारा माणूसच आता उरला नाही... याला पाच आठवडे झाले. तेवढ्या दिवसांत हा लेख मी चारदा लिहायला घेतला आणि चारदा कागद फाडला. हा पाचवा कागद आहे.

नगरात माळीवाड्याच्या अलीकडच्या बोळात त्यांची लाकडावरची भट्टी. दारावर पाटी कधीच नव्हती. सगळे नुसतं 'शांतवनची भट्टी' म्हणायचे. पुढे फळीवर पाव, खारी, टोस्ट, कडक बटर. मागे भट्टीचं काळं तोंड आणि लांब दांड्याचं फावडं. सकाळी पाव घ्यायला निम्मं नगर यायचं. एक निवृत्त हवालदार पाव उलटा करून बोटानं ठोकून पाहायचे आणि मगच 'पास' म्हणायचे. एक बाई रोज जळका टोस्ट मागायच्या, तो नसला तर भाऊ एखादा मुद्दाम जाळून द्यायचे. त्यांच्या बायको मार्थाबाई हसत म्हणायच्या, "आमच्याकडं चांगलं जळतंय, वाईट खपतंय!" भाऊ मात्र फारसे बोलायचे नाहीत. उंच, हाडकुळा माणूस, भुवयांवर कायम पीठ. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. बहात्तरच्या दिवाळीपर्यंत तरी नव्हतं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस भट्टी आम्हा बायकांची असायची. आपापल्या घरून पीठ, तूप, साखर डब्यांतून न्यायची, भाऊ आपल्यासमोर मळून द्यायचे, आपण नानकटाई थापायची आणि पत्र्यावर लावायची. चार-चार घरांचे पत्रे एकदम भट्टीत जायचे, म्हणून ज्याच्या त्याच्या नानकटाईवर घरची खूण. कुणी अंगुस्तान दाबायचं, कुणी कंगव्याचे दात, कुणी सदऱ्याचं बटण. माझी खूण म्हणजे लग्नातल्या पेटीची पितळी किल्ली. नळीची किल्ली होती, टोक दाबलं की छान गोल उठायचा. तीन गोल म्हणजे आमचं घर. आणि खूण असूनसुद्धा आम्ही साऱ्याजणी डोळ्यांत तेल घालून बसायचो, कारण बेकरीवाला तूप काढून डालडा घालतो, पीठ मारतो, असं आयांनी आमच्या कानात भरवलेलं! भाऊंना ते ठाऊक होतं. ते हात वर करून दाखवायचे, बघा बायांनो, रिकामे आहेत. आम्ही हसायचो.

बहात्तर साली हसण्यासारखं काही नव्हतं. पाऊस नाहीच, नळाला दोन दिवसांआड पाणी, रेशनला मिलो नावाचं लाल परदेशी धान्य. त्याची भाकरी माझी चार वर्षांची मंजू तोंडात धरायची आणि थुंकायची. अशात माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, पाथर्डीकडून एस.टी.नं आले आणि खांद्यावरून पोतं उतरवलं. अर्धं पोतं गहू! म्हणाले, "पेरायला ठेवले हुते. वल न्हाई तर पेरू कुठं? धुऊन वाळवून आणल्यात. पोरीला नानकटाई करा, आमची कुसूम बी लई दिवस मागती." सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. जाता जाता दादा म्हणाले की गावाकडं कोंबड्यांवर रोग आलाय, आठवड्यात सात मेल्या. आम्ही हळहळलो आणि विसरलो. मी गहू दळून आणले. पीठ किंचित गुलाबी दिसत होतं. गिरणीत माझ्या आधी मिलो दळलेला, जात्यात राहिलेलं लाल पीठ मिसळलं असणार, असं मीच मला सांगितलं. त्या वर्षी सगळ्यांचंच पीठ लालसर निघायचं.

दुपारचे दोन वाजले असतील. रांगेत आम्ही तेराजणी. भाऊंनी माझा डबा उघडला, तूप घातलं, हात घातला आणि थांबले. बोटं नाकाशी नेली. नखातलं पीठ उजेडात धरून पाहिलं. मला म्हणाले, "वहिनी, हे पीठ कुठलं आनलं?" मी म्हटलं, आमच्या दिरांचं, घरचं आहे. ते माझ्याकडे वाकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "गावाकडं कोंबड्या बऱ्या आहेत का?"

मी मागे सरकले. या माणसाला आमच्या कोंबड्यांचं काय माहीत? कसला जादूटोणा हा? मी म्हणाले, "बऱ्या आहेत की." का म्हणाले, देव जाणे. बाराजणींसमोर आमच्या घराला रोगराईचा डाग कशाला, असं काहीतरी मनात आलं. त्यांनी विचारलं, घरी अजून आहे का यातलं? मी म्हणाले, नाही. घरी पंधरा शेराचा डबा काठोकाठ भरलेला होता.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डबा उचलला, मागे राखेच्या खड्ड्यात उपडा केला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. दुष्काळात पीठ फेकलं, त्यावर पाणी ओतलं! सगळ्याजणी "अगंबाई!" म्हणून उठल्या. भाऊ परत तेवढ्याच हळू म्हणाले, "चांगलं न्हाई ते, वहिनी. संध्याकाळी सांगतो." आणि मी... माझी जीभ पहिल्यापासून तिखट, माहेरी त्याचं कौतुक व्हायचं. मी बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "पीठचोर आहे हा! वरवरचं फेकून दाखवलं, बाकीचं आत दडवलं! दुष्काळात लोकांच्या पोरांच्या तोंडचं काढतो!" मार्थाबाईंच्या हातातला पत्रा खाली पडला. भाऊ एवढंच म्हणू शकले असते की या बाईनं विष आणलंय. बाराजणींसमोर तोंड दाखवायला मला जागा राहिली नसती. ते गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी चोरीची कबुली असा घेतला आणि रिकामा डबा घेऊन तरातरा निघाले. किल्ली फळीवरच राहिली.

घरी आले ती रागातच. मंजू नानकटाई कुठंय म्हणून भोकाड पसरून बसलेली. तिला गप्प करायला त्याच डब्यातल्या पिठाची पोळी लाटली, तूप-गूळ लावून गुंडाळी करून हातात दिली. ती दारात बसली. पहिला घास तिनं घेतला असेल नसेल, तोच सायकल भिंतीवर आदळली आणि शांतवनभाऊ, जे कधी कुणाच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते, ते वहाणांसकट आत आले आणि माझ्या लेकीच्या हातातली पोळी त्यांनी हिसकून घेतली. मंजू किंचाळली. शेजारची माणसं धावली. मी हातात लाटणं घेऊन पुढे झाले होते, खोटं कशाला सांगू.

भाऊ खाली बसले आणि मंजूच्या तोंडात बोट घालून घास काढायला लागले. धापा टाकत सासूबाईंना म्हणाले, "आजी, बियाण्याला चोळायचं औषध हाय त्याला. धुतलं की रंग जातो, औषध जात न्हाई. आमी राहुरीकडं मळ्यावर हुतो, आमच्या घरात धुऊन खाल्ले हुते असले गहू. आदी कोंबड्या मेल्या. मग माझा धाकटा भाऊ." सासूबाई तडक आत गेल्या. आतून पंधरा शेराचा डबा ओढत आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. तो डबा पाहून भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. नंतर सासूबाई एकदम म्हणाल्या, "आगं, कुसूम!"

यजमान दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गावी गेले. तिथं महिनाभर तेच गहू खाणं चाललेलं. दादांच्या हाताला कंप आला होता, पण कुसूमला पाण्याचा पेला धरता येत नव्हता. चालताना झोकांड्या जायच्या आणि विचारायची, आई, दिवा बारीक का केलास? भर दुपारी. अकरा वर्षांची होती. तिला नगरच्या दवाखान्यात आणली, अठरा दिवस होती. मी डबा घेऊन जायचे. ती आवाजावरून ओळखायची आणि विचारायची, "काकी, नानकटाई आनली का?" अठराव्या दिवशी ती गेली. त्या अठरा दिवसांत सकाळ-संध्याकाळ खाटेशी पावाची गरम लादी ठेवलेली असायची. कोण ठेवून जातं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

आता सांगायचं ते सांगते. ज्यासाठी चार कागद फाडले. भाऊ खरे होते हे मला त्याच संध्याकाळी कळलं, पण मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तर घरच्याच गव्हानं पोर गेली हे चव्हाट्यावर येणार, दादा जन्मभर मान वर करणार नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. त्यात थोडं खरंही होतं. पण खरं कारण म्हणजे, ओरडलेली मी होते. माझे शब्द बाराजणींनी बारा आळ्यांत नेले. त्या दिवाळीला भट्टीवर कुणी फिरकलं नाही, नाताळालाही नाही. मार्थाबाई डोक्यावर पावाची टोपली घेऊन दारोदार फिरायला लागल्या. आमच्या आळीत त्यांची हाक आली की मी दार लावून घ्यायचे. हे करणारी बाई आता तुमच्या पुरवणीत स्मृतिलेख लिहिते आहे.

तीन वर्षांनी लोक विसरले. पावाची चव कुठं विसरता येते? बायका पुन्हा रांगेत बसू लागल्या आणि सर्वांत शेवटी मीही गेले. दुकानातलं पीठ नेलं होतं, खुणेला लवंग. भाऊंनी पत्रा हातात घेतला, एकेका नानकटाईवरची लवंग पाहिली आणि म्हणाले, "नवी खूण वाटतं?" मी म्हणाले, "हो, किल्ली हरवली." त्यांच्या डोक्यामागे भिंतीला खिळा होता आणि त्या खिळ्याला माझी किल्ली लटकत होती. त्यांनी मला तिकडे बघताना बघितलं. माझ्या पेटीचं कुलूप मी तोवर लोहाराकडून तोडून घेतलं होतं. "बरं," एवढं म्हणून त्यांनी पत्रा आत सारला. पुढे अठ्ठेचाळीस वर्षं मी तिथून पाव, टोस्ट, खारी आणली. दर खेपेला किल्ली तिथंच. एकदाही ते बोलले नाहीत, एकदाही मी मागितली नाही. मंजू आता पंचावन्न वर्षांची आहे, गुडघे दुखतात म्हणून माझ्यावरच चिडते. तिला एवढंच आठवतं की लहानपणी एका लांब माणसानं आपली पोळी ओढून नेली होती. "काय मेला खादाड होता ग!" म्हणते. मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

भाऊ गेल्यावर आठव्या दिवशी त्यांच्या लेकीला, ग्रेसला, भेटायला गेले. मार्थाबाई आधीच वारलेल्या. भट्टी थंड होती. पन्नास वर्षांत मी ती थंड पाहिली नव्हती. ग्रेस म्हणाली, जावई विजेची भट्टी बसवणार आहेत, पुढच्या महिनाअखेरीला ही भिंत पाडायची. मग खिळ्याकडे बोट करून म्हणाली, "काकू, तुम्ही जुन्या गिऱ्हाईक, ही कुणाची असेल हो? बाबा दर दिवाळीला चिंचेनं घासून परत अडकवायचे. विचारलं तर म्हणायचे, राहू दे, ज्याची आहे तो मागेल तेव्हा द्यायची." अवघ्या पंधरा पावलांवर तो राखेचा खड्डा. आणि मी, सत्त्याहत्तर वर्षांची बाई, म्हणाले, "कोण जाणे बाई," आणि चपला घालून घरी आले.

ग्रेस, ती किल्ली माझी आहे. भिंत पाडायच्या आधी येते. त्या दुपारच्या तेराजणींपैकी माझ्याखेरीज तिघी अजून हयात आहेत. एकीला दिसत नाही, एकीला धरून आणावं लागेल. तिघींना रिक्षात घालून, मंजूला बरोबर घेऊन येते. त्यांच्यासमोर मागीन. तोवर खिळ्यावरून काढू नकोस.