काकूंच्या सुरकुत्या

काकूंच्या फोटोतल्या सुरकुत्या मी पुसल्या आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

आमच्या मासिकात मुखपृष्ठावरच्या सुंदऱ्यांचे चेहरे नितळ करायचं काम काका तीस वर्षं करताहेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही बाईला मुरूम म्हणून उरलेला नाही. मी तिथला उपसंपादक. त्यांच्याकडून चार बटणं शिकलो आणि स्वतःला उस्ताद समजायला लागलो.

काकू गेल्यापासून काकांना घरी जायची घाई नसते. काम संपलं की काकूंचा फोटो उघडून बसतात. धड असा तो एकच. एकदा काकू त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला स्टुडिओत आल्या, तेव्हा दिवे तपासायला काकांनी त्यांनाच स्टुलावर बसवलं होतं. उजेड बाजूने पडलेला, त्यामुळे रेघन् रेघ उठून दिसायची. तो फोटो मी गुळगुळीत केला आणि मूळ फोटोवरच साठवला. दुसरी प्रत नव्हती.

काम संपवून काकांनी फोटो उघडला.

"बाई छान आहे," ते म्हणाले. "कोण आहे?"

 काकांनी चष्मा पुसला, संगणकाला जोडलेलं पेन उचललं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली. मग कपाळावर दुसरी. कुठेही न अडखळता ते एकेक सुरकुती परत घालत होते.

"काका, एवढ्या सगळ्या पाठ कशा?" मी चाचरत विचारलं.

"निम्म्या माझ्यामुळेच पडल्यात."