बाबांच्या नंबरवर कोण बोलत होतं?

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते चुका काढायला. हा वारा असणार, हा झोपेतला भास, हा नक्कीच थापा मारतोय... असं मनातल्या मनात चालू असतं. हिंगोलीत एका ज्युनिअर कॉलेजात मी आयटी शिकवते. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी नव्हते. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की बाबा म्हणायचे, "पुरावा आण, मग बोलू." त्यामुळे हे लिहू की नको यात बरेच दिवस गेले. पण माझी अडचण अशी आहे की यावेळी पुरावा आहे, आणि तो ऐकल्यापासूनच सगळं जास्त अवघड झालंय.

बाबा गोरेगावच्या हायस्कूलमध्ये हिंदी शिकवायचे. गोरेगाव म्हणजे आमचं, सेनगाव तालुक्यातलं — मुंबईचं नव्हे. रिटायर झाल्यावर त्यांचे कान गेले, आणि चांगलेच गेले. मी ऑनलाइन शोधून एका कंपनीचं कानाचं मशीन मागवलं. त्यासाठी कंपनीच्या ॲपवर बाबांचं खातं उघडावं लागलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल सगळं दिलं. पासवर्ड त्यांचा त्यांनीच टाकला. मशीनचा फारसा उपयोग झाला नाही. शेवटी शेवटी तर फोन वाजला की ते मुकाट्यानं आईच्या हातात द्यायचे आणि ती काय बोलते ते तिच्या ओठांवरून बघत बसायचे. ज्या माणसाचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत यायचा तो असा गप्प झालेला बघणं जड जायचं.

ते गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी त्यांचं सिम बंद करायचा विषय काढला. आई म्हणाली, "काहून बंद करायचं? ऱ्हाऊ दे की माझ्या फोनात." तिच्या फोनला दोन सिमची जागा होतीच. तेव्हापासून बाबांचा नंबर आईच्या फोनमध्ये आहे.

यंदा तुरी घरात आल्या त्या सुमारास कंपनीची मेल आली. मलाही आली, कारण ऑर्डर माझ्या नावावर होती. भाषा एकदम गुळगुळीत... 'काही ग्राहकांची माहिती अनधिकृत व्यक्तींपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता आहे.' साध्या मराठीत, चोरी झाली होती.

हा तर माझा शिकवायचाच विषय. मी लगेच कामाला लागले. माझे पासवर्ड बदलले, पुण्याच्या भावाचे बदलायला लावले, आईच्या पेन्शनच्या खात्याचा बदलला. आईच्या फोनमध्ये अनोळखी नंबरचे कॉल आपोआप रेकॉर्ड होतील अशी सेटिंग करून ठेवली. आणि तिला बजावलं, "कुणीही फोन करून मेसेजमधला आकडा विचारला तर सांगायचा नाही. कंपनीचं नाव घेतलं तरी नाही, माझं नाव घेतलं तरी नाही."

"मला चष्म्याबिगर आकडे दिसतेत कुठं?" आई म्हणाली.

मग फोन यायला लागले. बाबांच्या नंबरवर. आई मला संध्याकाळी सांगायची, "आज पुन्ना आला होता बघ. म्या हॅलो हॅलो करते, कोनी बोलतच न्हाई. नुसतं खरखर वाजून राहिलं."

"मग काय केलंस?"

"ओट्यावर ठिवला अन् लागले कामाला."

"बंद केलास ना?"

"ते लाल बटण दाबलं की दुसरंच कायतरी उघडतंय. आपोआप बंद होतोय की."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. असे फोन कॉम्प्युटरच लावत असतो. तुम्ही उचलल्यावर पलीकडचा माणूस जोडला जाईपर्यंत थोडा वेळ जातो. तोवर आई कंटाळून फोन ओट्यावर ठेवून देत होती. उलट बरंच झालं, असं मी म्हटलं.

एका रविवारी मी जीपनं गोरेगावला गेले. दुपारची जेवणं झाली होती, आई अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती आणि मी ओट्यावर बसले होते. फोन वाजला. बाबांचं सिम. आता याला चांगलंच झापायचं म्हणून मीच उचलला, आणि तो जोडला जाईपर्यंत थांबले.

पलीकडून एका तरुण पोराचा आवाज आला. दबका. "हॅलो... मास्टरजी हैं?"

"कौन मास्टरजी?"

"वो... हिंदी वाले मास्टरजी. जय भीम बोलकर फोन उठाते हैं. बस उनको बताना था कि मैं घर जा रहा हूँ. काम छोड़ दिया."

झापायचं राहूनच गेलं. मी विचारलं, तू कोण? तो जरा घुटमळला आणि मग भडाभडा बोलायला लागला. कानाच्या मशीनची कंपनी म्हणून फोन करणारा तो हाच. समोर कागद असायचा, त्यावरचं वाचून दाखवायचं आणि माणूस घाबरला की ओटीपी काढून घ्यायचा. पहिल्याच दिवशी 'आपका सत्यापन की जाएगी' असं तो वाचून गेला, तर मास्टरजींनी त्याला थांबवलं. सत्यापन पुल्लिंगी, 'किया जाएगा' म्हण म्हणाले. परत म्हणायला लावलं. ओटीपी मागितला तर जेवलास का म्हणून विचारलं. म्हातारा बोलका आहे, आज ना उद्या फसेल म्हणून यानं पुन्हा फोन केला. मग पुन्हा. नंतर नंतर तो ओटीपी मागायचंच विसरायला लागला.

"इतना कोई पूछता नहीं है दीदी हमसे," तो म्हणाला. "और मैं अटकता था ना, तो बोलते थे — आराम से बेटा, वाक्य भागकर कहाँ जाएगा?"

आठवीत मी बाबांच्याच वर्गात होते. धडा वाचताना पोरगं अडखळलं की ते हेच म्हणायचे. अक्षर न् अक्षर हेच.

मी स्वतःला सावरून म्हटलं, की तू दुसऱ्याच कुणाशी बोलला असशील. या नंबरवाल्यांना तर ऐकूच येत नव्हतं.

"नहीं दीदी, बहुत तेज कान हैं उनके. एक दिन बोले, तेरे बगल में कोई रो रहा है, पहले उसको पानी दे. मैंने मुड़कर देखा... नया लड़का था, आस्तीन में मुँह दबाकर रो रहा था. मुझे तो सुनाई भी नहीं दिया था."

मग मी सांगून टाकलं. म्हटलं, ते माझे वडील. ते वारले, दोन वर्षं होत आली.

"ऐसा मज़ाक मत कीजिए," तो म्हणाला. "परसों तो बात हुई है."

मी त्याला बाबा गेले ती तारीख सांगितली. त्यावरून त्याला काय कळलं असेल ते कळलं. एकदम घाईनं म्हणाला, "दीदी, उनके ईमेल का पासवर्ड बदल दो. लिस्ट आगे बिक गई है. मशीन वाला और ईमेल वाला एक ही है." आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कायमचा बंद.

आई सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. "कोन व्हतं गं?" मी तिला नंतर सांगते म्हटलं आणि मोबाइल काढला. कारण त्याचं शेवटचं वाक्य मला भुतापेक्षा जास्त लागलं होतं. बाबांनी ॲपला आणि ईमेलला एकच पासवर्ड ठेवला असणार, आणि मी सगळ्यांचे बदलले होते, फक्त बाबांचा नाही. गेलेल्या माणसाचा पासवर्ड बदलायचा असतो हे माझ्यासारखीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि आईच्या पेन्शनच्या खात्याला ईमेल अजून बाबांचाच जोडलेला होता.

पासवर्ड मला माहीत नव्हता. पण विसरलो म्हणून सांगितल्यावर ओटीपी बाबांच्या नंबरवर आला, म्हणजे आईच्या फोनवरच. आत गेले. त्याच सकाळी कुठल्या तरी लांबच्या गावाहून कुणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न केला होता आणि ईमेलवाल्यांनी संशय येऊन अडवला होता. कुणी आत शिरलं नव्हतं, पण दार हलवून बघितलं होतं. मी पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली, आईच्या खात्यावरून तो ईमेल काढून टाकला. आणखी थोडा उशीर झाला असता तर... जाऊ द्या.

मग आठवलं, की कॉल रेकॉर्ड होत होते!

आईला सगळं सांगितलं आणि अंगणातच स्पीकरवर लावले. पहिल्यात आईचा आवाज, "हॅलो, कोन? बोला की!" मग फोन ओट्यावर ठेवल्याचा ठक् आवाज. सूप वाजायला लागलं. थोड्या वेळानं त्या पोराची टकळी सुरू झाली, "...आपका सत्यापन की जाएगी..." आणि तो थांबला. फक्त सूप वाजतंय, कुठं तरी चिमण्या. मग पोरगा म्हणाला, "जी... किया जाएगा."

दुसरा कुठलाच आवाज नाही. मी आवाज पूर्ण वाढवला, फोन कानाला लावला. काही नाही.

"दुसरं लाव," आई म्हणाली.

दुसऱ्यातही तेच. पोरगा बोलतो, थांबतो, हसतो, "जी मास्टरजी" म्हणतो. मधल्या जागा रिकाम्या. अशाच एका रिकाम्या जागेत आई हळूच म्हणाली, "आता जेवला का म्हनून इचारलं असंल."

आणि फोनमधून आवाज आला, "नहीं मास्टरजी, अभी नहीं खाया."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

पुढची जागा आली. आई म्हणाली, "आता गाव." पोरानं गावाचं नाव सांगितलं. "माय काय करती इचारतेत बघ." पोरगा आपल्या आईबद्दल सांगायला लागला. तिचं नाव, ती काय करते, तिला हा कुठं कामाला आहे हे माहीत नाही... सगळं. आई एकदाच चुकली. तिला वाटलं आता लग्नाचं विचारतील, आणि पोरगा म्हणाला, "आठवीं तक."

"व्हय, शाळा," आई म्हणाली. "शाळा आधी इचारतेत ते."

शेवटचं रेकॉर्डिंग संपल्यावर तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग लाइट आली म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली, "म्हंजे ऐकू यायलंय त्यांना."

नंतर मी माझ्या परीनं सगळं करून बघितलं. त्या पोराचे फोन यायचे त्याच वेळेला घराच्या फाटकाबाहेर उभी राहून बाबांच्या नंबरवर फोन लावला, आईला फोन ओट्यावर ठेवायला सांगितला. ऐकू आलं ते फक्त सूप. कॉलेजातल्या नेटवर्किंग शिकवणाऱ्या सहकाऱ्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, क्रॉस कनेक्शन झालं असेल, दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याचा आवाज त्याला जात असेल. दर वेळी? तोच म्हातारा, तोही हिंदीचा मास्तर, तेच वाक्य? मग तो म्हणाला, पोरगा नाटक करत असेल, विश्वास कमवायला हे लोक काहीही करतात. हे मला त्यातल्या त्यात पटतं. फक्त नाटक करून शेवटी त्यानं आम्हालाच सावध का केलं, आणि बाबांचं वाक्य त्याला कुठून मिळालं, ते बसत नाही. चोरीला गेलेल्या माहितीत जन्मतारीख होती, पत्ता होता. वर्गातलं बोलणं नव्हतं.

सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करायला बसले. फोन करणाऱ्याचा नंबर टाकला, तो काय म्हणून फोन करायचा ते लिहिलं, यादी पुढे विकली गेल्याचंही लिहिलं. खाली विचारलं होतं, फोन करणाऱ्याबद्दल आणखी काही माहिती आहे का. माहिती होती ना! त्याचं नाव, गाव, आईचं नाव, शाळा. आयुष्यात कुठल्या चोरानं स्वतःची इतकी माहिती दिली नसेल. मी टाइप करायला लागले.

आई शेजारी बसली होती. तिनं विचारलं, काय लिहितेस. मी सांगितलं.

"ते नको लिहू," ती म्हणाली.

"आई, त्यानं किती लोकांना फसवलं असेल! उद्या परत तेच करील."

"करील बी. पर ते त्यानं ह्यांना सांगितलंय. तुला न्हाई."

मी लिहिलेलं पुसलं आणि ती जागा रिकामी सोडून तक्रार पाठवली. हे बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही. विद्यार्थ्यांना मी रोज सांगते की दुसऱ्याची माहिती ही आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे, पण तेव्हा माझ्या डोक्यात चोराची माहिती कधी नसते.

बाबांचं सिम अजून आईच्या फोनमध्येच आहे. त्यावर पुन्हा तसा फोन आला नाही. रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय. कुणाला त्या रिकाम्या जागांचा अर्थ लावता येत असेल तर जरूर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय. फक्त त्या पोराचं गाव विचारू नका.